टायरची माझी बाजू

४ फेब्रुवारी, सकाळी ६.१५

आजपासून रोजनिशी. कारण काल मॅनेजरनी मला टायर विभागाचा सुरक्षा प्रमुख केलं. डेपोतल्या टायर विभागाचा फोरमन मी आहेच, हे त्याच्या वरचं. पिवळा बिल्ला मिळाला. सेफ्टी पिन मात्र आपली आपण आणायची.

निवड योग्यच आहे. सव्वीस वर्षं बसची चाकं काढतोय, चढवतोय. दहाची दहा बोटं शाबूत. एक नख सोडून.

संकल्प: एकट्याने चाक उचलायचं नाही, कोणीही. जॅकवर विसंबायचं नाही, खाली स्टँड हवाच. बूट हवेत. कंबरेत किंचित उसण आहे, ती दोन दिवसांत जाईल.

५ फेब्रुवारी, दुपारी

सकाळी विभागातल्या सातही जणांपुढे भाषण केलं. विषय: वजन कसं उचलावं. कंबरेत वाकू नका, गुडघ्यात बसा, पाठ ताठ, मग उठा. नुसतं बोलून काय उपयोग, म्हणून करून दाखवलं. बसलो. पाठ ताठ.

उठणं जरा लांबलं.

लोक बघत होते, म्हणून बसल्या बसल्या समोरच्या टायरची झीज तपासली. बराच वेळ तपासली. शेवटी क्रेनने हात दिला आणि मी उठलो. क्रेन म्हणजे माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. आठ वर्षांपूर्वी मीच चिकटवला इथे. बसचं एक चाक रिमसकट शंभर किलोच्या आसपास भरतं, ते हा गडी असा हलवतो की बघणाऱ्यालाच धाप लागावी. म्हणून सगळे त्याला क्रेन म्हणतात. बोलणं कमी. मला दाजी म्हणतो, कामावरसुद्धा. फोरमन म्हण, असं किती वेळा सांगितलं.

एकंदर भाषण प्रभावी झालं. कोणी एक शंका विचारली नाही.

७ फेब्रुवारी, सकाळी ६

काल स्टोअरकीपरने पुन्हा ट्रॉलीचा विषय काढला. चाक खाली ठेवायचं, हँडल मारायचं, चाक आपोआप बोल्टच्या उंचीला येतं, अशी ट्रॉली गेल्या वर्षी आली. मी ती स्टोअरमध्ये कुलपात ठेवली आहे. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. ह्या लोकांच्या हाती दिली तर चार दिवसांत वाट लावतील. स्टोअरकीपर म्हणाला, मग ती आहे कशाला. मी म्हटलं, गरज पडली की काढू. चावी माझ्याकडे. सुरक्षेत वस्तूंची सुरक्षाही येते, हे लोकांना कळत नाही.

आणखी एक. परवा संध्याकाळी हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. कंपनीचा नव्हे, लांबचा. फोटो काढला. म्हणाला, मणक्याची चकती सरकली आहे, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. पाच किलो! मी विचारलं, म्हणजे नेमकं काय. म्हणाला, पिशवी. डॉक्टर लोक पुस्तकातलं बोलतात. रिपोर्ट स्कूटरच्या डिकीत, फडक्याखाली.

डेपोत कळता कामा नये. कळलं की फोरमनचा दिवसभराचा चौकीदार व्हायला वेळ लागत नाही. फक्त हिला सांगितलं आहे. ती कोणाला बोलणार नाही.

९ फेब्रुवारी, दुपारी ४.२०

अपघात. क्रेनच्या डाव्या पायावर चाक पडलं. रुग्णवाहिका गेली. अक्षर वाईट येतंय.

कसं झालं: बस जॅकने उचलून खाली लोखंडी स्टँड लावलेले होते. पुढचं चाक चढवायचं होतं. त्याच्या हातून निसटलं. मी दोन पावलांवर होतो.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.३०

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. पायाची तीन हाडं मोडली. उद्या ऑपरेशन. पोलादी टोकाचे बूट होते म्हणून बोटं वाचली. बुटांचा आग्रह माझा होता. हे कोणीतरी बोलून दाखवायला हरकत नव्हती.

ही धावत आली. भावाला बघून बाहेर आली आणि मला विचारलं, तुम्ही कुठे होता. मी म्हटलं, तिथेच, बाजूला. कुठल्या बाजूला, म्हणाली. मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. हात धुवायचे राहिले होते. दोन्ही तळवे टायरच्या काळ्याने माखलेले.

लगेच जाऊन धुतले.

१० फेब्रुवारी, दुपारी

ऑपरेशन झालं. सळ्या घातल्या. पाय राहील, चालेलही, किती ते आताच सांगत नाहीत.

मॅनेजरने लेखी अहवाल मागितला. मी लिहिलं: ‘चाक बसवत असताना कर्मचाऱ्याच्या हातून निसटले व त्याच्या पायावर पडले.’ तीनदा वाचलं. एक शब्द खोटा नाही. कर्मचारी आहे, हात आहे, चाक आहे. सही केली.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

तपासणीसाठी सरकारी खात्यातून एक बाई आल्या. मला वाटलं होतं, टक्कल पडलेला, ढेरपोट्या कोणी येईल, सही घेऊन जाईल. ही बाई बारीक, चाळिशीची, कानामागे पेन्सिल. आली ती थेट जमिनीवर बसली आणि टेप लावून मापं घ्यायला लागली. बसची उंची, बोल्टची उंची, चाक पडलं तिथला ओरखडा. प्रश्न एवढे साधे विचारते की घाम फुटतो.

पहिला प्रश्न: चाक उचलायला काही साधन आहे का. स्टोअरकीपर माझ्याआधी हो म्हणाला. बाईंनी ट्रॉली बघितली. प्लास्टिकवर बोट फिरवलं, बोटावरची धूळ बघितली. मी सांगितलं, सुरक्षित राहावी म्हणून आत ठेवली आहे. बाई म्हणाल्या, कोणापासून?

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग: चाकाला किती माणसं लावता. मी म्हटलं, दोन, तसा नियमच आहे, मीच केलाय. त्या दिवशी किती होती? मी म्हटलं, तो होता, आणि देखरेखीला मी. देखरेख म्हणजे हात लावून की न लावता? मी म्हटलं, मॅडम, देखरेख डोळ्यांनी करतात. त्यांनी तसंच्या तसं लिहून घेतलं.

बाकीच्या सहा जणांना एकेक करून ऑफिसात बोलावलं. दार लावून. प्रत्येक जण बाहेर आला तो माझ्याकडे न बघता थेट नळावर.

जाताना म्हणाल्या, सतरा तारखेला हेच काम पुन्हा करून बघू. तीच बस, तेच चाक. तुम्ही कुठे उभे होता तेवढं दाखवा.

१३ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

सतरा तारखेला मी धडधाकट दिसलो पाहिजे. उगाच कोणाला शंका नको. आजपासून सराव. घरचा गॅसचा सिलिंडर घेतला, रिकामा. गुडघ्यात बसलो. पाठ ताठ.

ही पोळपाट घेऊन उभी होती ओट्याशी. मला उठवायला तिला पोळपाट खाली ठेवावा लागला.

परवापासून तिचं बोलणं एका शब्दावर आलंय. चहा. आंघोळ. चावी.

१३ फेब्रुवारी, दुपारी २

मॅनेजर खुशीत होता. म्हणाला, तुमचा अहवाल चांगला आहे, कर्मचाऱ्याची चूक सिद्ध झाली की फाइल बंद, वर कोणाला ताप नाही. मी विचारलं, मग त्याचं काय. म्हणाला, घरी पाठवू. मी म्हटलं, घरी म्हणजे पाय बरा होईपर्यंत? तो माझ्याकडे बघत राहिला, मी लहान मूल असल्यासारखा. म्हणाला, घरी म्हणजे घरी.

मी अहवालात ‘चूक’ हा शब्द कुठेच लिहिलेला नाही. कार्बन कॉपी काढून पाहिली. नाही लिहिलेला.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.३०

क्रेनला भेटलो. पाय वर टांगलेला, अंगठा तेवढा बाहेर, काळानिळा. ही शेजारी बसून संत्रं सोलत होती.

त्याची जबानी अजून व्हायची असेल, तर त्याला नीट समजावून सांगावं असा हेतू होता. आपण कुटुंबातले, दोघांचं बोलणं जुळलं पाहिजे, एवढंच. मी सुरुवात केली तेवढ्यात तो म्हणाला, त्या बाई सकाळीच येऊन गेल्या. सगळं सांगितलं.

सगळं म्हणजे काय, विचारलं. तो म्हणाला, दाजी, काळजी करू नका.

बस. डोळे मिटले. औषधाची गुंगी, म्हणे. मी हिच्याकडे पाहिलं. ती संत्र्याच्या शिरा काढत होती, एकेक, जणू त्यात काहीतरी सापडायचं आहे.

१५ फेब्रुवारी, सकाळी ७

‘काळजी करू नका’ असं माणूस कधी म्हणतो? काळजी करण्यासारखं काहीतरी केलेलं असतं तेव्हा. त्याने माझं नाव घेतलं. घेतलंच असणार. आठ वर्षं सांभाळलं त्याचं हे फळ.

ठीक आहे. मलाही बोलता येतं. त्याचे दोष कागदावर काढायला बसलो. दुखणं अंगावर काढतो. साधनं वापरत नाही. कोणाची मदत मागत नाही. आपल्याला सगळं येतं ही घमेंड. वरिष्ठांपासून गोष्टी लपवतो. आणखी दोन होते. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं. मदत मागत नाही, हा एक त्याचा. बाकीचे ओळखीचे वाटले.

कागद फाडला. बारीक फाडला.

१६ फेब्रुवारी, सकाळी ५.५०

जाग आली ती त्याच्या आवाजाने. स्वप्नातला नव्हे, नऊ तारखेचा आवाज.

नक्की काय झालं ते एकदा लिहून काढतो म्हणजे डोकं मोकळं होईल.

चाक उभं करून हबपाशी लोटलं. तो डावीकडे, मी उजवीकडे. वीतभर उचलून बोल्टवर बसवायचं, एवढंच काम. तो म्हणाला, दाजी, धरा. मी धरलं. उचललं. कंबरेतून टाचेपर्यंत अशी चमक गेली की डोळ्यांपुढे पांढरं झालं. आणि हात उघडले. मी उघडले नाहीत. हात माझे, पण उघडले ते आपले आपण.

चाक माझ्या बाजूला कललं. माझ्या अंगावर येत होतं. मागे सरायला हवं होतं, पण कंबर जागची हलेना. त्याला सोडून देता आलं असतं. उडी मारून बाजूला होता आलं असतं, तो चपळ आहे. त्याने सोडलं नाही. दात आवळून चाक स्वतःकडे ओढलं, सगळंच्या सगळं, आणि ते घेऊन खाली गेला. आवाज आधी हाडांचा आला, मग त्याचा.

म्हणजे तसं बघितलं तर चाक त्याच्याच हातून निसटलं. अहवाल बरोबर आहे.

हे इथे लिहायला नको होतं. ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही हे खरं, पण मला तरी सगळं कळायची काय गरज आहे?

१७ फेब्रुवारी, दुपारी १

झालं. सुटलो.

सकाळी दहाला बस त्याच जागी. बाई आल्या. मॅनेजर, स्टोअरकीपर, विभागातले सहाही जण गोलात उभे. मी दोन पावलांवर जाऊन उभा राहिलो. कंबरेला पट्टा आवळला होता, शर्टाच्या आत. श्वास अर्धाच येत होता.

बाईंनी एका फिटरला चाक एकट्याने धरायला सांगितलं, उचलू नकोस म्हणाल्या, फक्त धर. त्याने पाय फाकून मधोमध धरलं. बाई म्हणाल्या, बघा, एकटा माणूस असा धरतो, मधोमध. आणि पडल्याची खूण तर इथे आहे, डाव्या कडेला. कडेला कोण उभा राहतो? ज्याच्या दुसऱ्या कडेला कोणीतरी असतं तो.

हवेच्या पाइपमधून सूं आवाज येत होता, तेवढाच.

मग त्यांनी फाइल उघडली आणि म्हणाल्या, जखमी कर्मचाऱ्याने मात्र सांगितलंय की तो एकटाच होता. फोरमन ऑफिसात फोनवर होते. नियम मोडला तो त्याने, स्वतःच्या अंगातल्या जोरावर. असं त्याचं म्हणणं. तुमचं काय म्हणणं आहे?

सहा जणांनी माना खाली घातल्या. एक जण हातातला पान्हा पुसत होता, कोरडा पान्हा.

मी म्हटलं, हो.

तेवढंच. बाईंनी तेही लिहून घेतलं.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

घरी येऊन हिला सांगितलं, तुझा भाऊ खरा माणूस निघाला. काय घडलं तेही सांगितलं. वाटलं, तिचाही जीव टांगणीला होता, आता हलकं वाटेल.

तिने माझ्यासमोरचं ताट उचललं. भरलेलं. आत ठेवलं, चपला घातल्या आणि हॉस्पिटलला गेली. जाताना एक शब्दसुद्धा नाही. कालपर्यंत एक तरी होता.

१८ फेब्रुवारी, दुपारी ३

मॅनेजरने पाठ थोपटली. नेमकी तिथेच. डोळ्यांत पाणी आलं, त्याला वाटलं भरून आलं.

टेबलावर क्रेनचं पत्र टाइप करून तयार होतं. ‘दोन माणसांचा नियम मोडल्याबद्दल’ सेवेतून कमी. नियम मोडल्याची तारीख, नियम लागू केल्याची तारीख, आणि नियम लागू करणाऱ्याचा हुद्दा. माझा. खाली साक्षीदार म्हणून सहीची जागा. तीही माझी.

पेन चालत नाही म्हटलं. मॅनेजरने दुसरं दिलं. मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. तो म्हणाला, नाकावर आहे.

उद्या करतो, असं सांगून बाहेर आलो.

१९ फेब्रुवारी, सकाळी ८

खुलासा लिहायला घेतला. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यात सव्वीस वर्षांची सेवा पहिल्या पानावर, आणि ‘काही अंशी माझाही हात असण्याची शक्यता नाकारता येत नाही’ हे दुसऱ्याच्या शेवटी. दुसऱ्या मसुद्यात शक्यता काढली. तिसऱ्यात सव्वीस वर्षं काढली.

चौथा: ‘चाक आम्ही दोघांनी धरलं होतं. माझी पाठ गेलेली आहे, मी ते लपवलं. माझ्या हातून सुटलं. ट्रॉली मी कुलपात ठेवली होती.’

चार ओळी. लिहायला अडीच तास. डिकीतला रिपोर्ट सोबत घेतला.

१९ फेब्रुवारी, दुपारी २.३०

बाईंच्या ऑफिसात गेलो. बाहेर तासभर बाकावर. मनाने शांत. एवढं धाडस आमच्या डेपोत आजवर कोणी केलं नसेल, असं वाटत होतं. बाई थक्क होतील, कदाचित उभ्या राहतील.

त्यांनी कागद वाचला. कानामागची पेन्सिल काढून एका शब्दाची वेलांटी सुधारली. मग आपली फाइल माझ्याकडे फिरवली. पान बारा तारखेचं. त्यात लिहिलं होतं: दुसरा इसम फोरमन. पाठीचा जुना त्रास. विभागातील सहाही जणांना माहीत, स्टोअरकीपरला माहीत.

मी विचारलं, मग सतरा तारखेचं ते सगळं कशाला? बाई म्हणाल्या, तुम्हाला एक संधी होती. तुम्ही हो म्हणालात.

मी म्हटलं, आणि त्याला कामावरून काढायचं पत्र? म्हणाल्या, ते मी कालच थांबवलं. त्याचं काम जात नाही, उपचारही डेपोच करणार. मॅनेजरलाही उत्तर द्यायचंय. तुमचं पुढचं तुम्हाला कळवतील, पण चाकाजवळ आता जायचं नाही. ट्रॉली आज सकाळीच कुलूप तोडून बाहेर काढलीय.

मी विचारलं, मी आपण होऊन आलो, अशी नोंद होईल का. त्या म्हणाल्या, खाली तारखेची जागा आहे, तारीख घाला.

घातली.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

आज क्रेनकडे गेलो. माफी मागायची, सरळ. वाटेत चार वाक्यं पाठ केली होती. ही दाराशी स्टुलावर बसली होती. उठली नाही, पण गुडघे बाजूला घेऊन वाट दिली.

मी म्हटलं, माझ्या हातून सुटलं. त्या बाईंना लिहून दिलंय. तू का खोटं बोललास माझ्यासाठी?

त्याने छताकडे पाहिलं. मग म्हणाला, दाजी, तुमच्यासाठी कुठे? मी एकटाच उचलत होतो, ते खरंच होतं.

मी म्हटलं, उजवीकडून मी धरलं होतं.

तो म्हणाला, हात लावला होता. गेलं वर्षभर तुम्ही हातच लावताय. वजन मीच घेतो. ताईने सांगितलं होतं, दाजींवर भार येऊ देऊ नकोस म्हणून. त्या दिवशी माझा तळवा घामेजला होता. तुम्ही सोडलं ते मला कळलंसुद्धा नाही.

मी हिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

मी म्हटलं, नाही, सोडलं मीच, म्हणूनच पडलं. तो म्हणाला, नाही दाजी. मी म्हटलं, अरे, मला चमक आली, माझ्या बाजूला कललं, तू ओढून घेतलंस, मी स्वतः बघितलं! आवाज चढला असावा, कारण नर्स आली. मी तिलाही सांगायला लागलो, की चाक माझ्यामुळे पडलं. ती म्हणाली, काका, पेशंटला त्रास होतोय.

निघताना शेवटचं विचारलं. निदान थोडं तरी वजन होतं ना रे माझ्याकडे?

तो म्हणाला, हो दाजी. होतं थोडं.

आणि तोंड भिंतीकडे केलं.

जिना उतरताना कठडा धरला. ही एक पायरी मागे होती. हात पुढे केला नाही तिने, पण वेग माझ्याएवढाच ठेवला.